कडक भाकरी, पाण्याचा तांब्या आणि ११२ दिवस: शोग्रेनचं निदान कसं झालं

आईला (वय ५३) शोग्रेन सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटण्याचा आजार आहे, हे १५ मे २०२४ला कागदावर आलं. डोळ्यांच्या पहिल्या तपासणीपासून तिथवर ११२ दिवस लागले. त्याआधीचं दीड वर्ष मात्र उन्हाळ्याच्या आणि धुरळ्याच्या नावावर गेलं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४पर्यंत चढतो. तोंड वाळतंय म्हटलं की "ऊन बाधलंय, ताक प्या, सब्जा घ्या" हे ठरलेलं उत्तर. आई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते, त्यामुळे डोळे चुरचुरतात म्हटलं की सुताचा धुरळा. प्रत्येक त्रासाला वेगळं आणि पटण्यासारखं कारण मिळत होतं, म्हणून सगळ्याची बेरीज कुणी केली नाही. आम्हीही केली नाही.

ज्यांच्या घरी असं काही चाललं असेल, त्यांना कुठली तपासणी कशानंतर करायची आणि ती कुठे चुकते हे आधी कळावं म्हणून हे सगळं तारखांसह लिहिते आहे.

तपासणीत दिसलेली सगळ्यात जुनी खूण दातांची होती. ऑगस्ट २०२३मध्ये दंतवैद्यांनी चार दात भरले. चारही दात हिरडीला लागून किडले होते, त्यातले दोन खालच्या जबड्याचे, अगदी पुढचे. हे पुढचे दोन महत्त्वाचे. जिभेखाली लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात, त्यामुळे ते दात सतत लाळेत भिजलेले असतात आणि सहसा सगळ्यात शेवटी किडतात. तेच आधी किडले तर लाळ कमी पडते आहे का, हे विचारायला हवं. आई तोंड ओलं राहावं म्हणून दिवसभर लिमलेटच्या गोळ्या चघळायची. लाळ नसलेल्या तोंडात साखर आणि आंबट दोन्ही दातांवर तसंच बसून राहतं. कोरडेपणावरचा तिचा उपायच दात खात होता.

२४ जानेवारी २०२४ला, गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, तिला नेत्रतज्ज्ञांकडे नेलं ते चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून. त्यांनी दिव्याखाली डोळे पाहिले आणि विचारलं, "मावशी, तोंडही कोरडं पडतं का?" दीड वर्षात डोळे आणि तोंड एका वाक्यात घेणारा हा पहिला माणूस. या आजाराचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते हेन्रिक शोग्रेनही स्वीडनचे नेत्रवैद्यच होते. १९३३ साली त्यांनी अशाच १९ स्त्रियांच्या निरीक्षणांवर प्रबंध लिहिला होता.

डॉक्टरांनी पाच गोष्टी विचारल्या. तीन महिन्यांहून जास्त काळ रोज डोळे कोरडे पडून त्रास होतो का? डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वारंवार वाटतं का? डोळे ओले ठेवणारे थेंब दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा घालावे लागतात का? तीन महिन्यांहून जास्त काळ रोज तोंड कोरडं असतं का? कोरडं अन्न गिळायला सारखं पाणी प्यावं लागतं का? पाचव्या प्रश्नाला आईने लगेच उत्तर दिलं, "कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोडूनच दिली की. तांब्या जवळ घेतल्याशिवाय उतरतच नाही." यातल्या एका प्रश्नालाही 'हो' उत्तर आलं तर पुढे शोधायचं असतं. आपल्याकडे या पाचव्या प्रश्नाची परीक्षा जेवणाच्या ताटातच होते, तेव्हा घरातल्या मोठ्या माणसाने कडक भाकरी खायची का सोडली हे नक्की विचारा. बहुतेक जण दातांचं कारण सांगतील.

मग शिर्मर चाचणी. ३५ मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर रुंद टिपकागदाची पट्टी, तिचं टोक दुमडून खालच्या पापणीत, कानाकडच्या बाजूला अडकवतात. डोळे अलगद मिटून पाच मिनिटं बसायचं आणि पट्टी किती मिलिमीटर ओली झाली ते मोजायचं. ५ किंवा त्याहून कमी आलं तर त्याला निदानात वजन आहे. आईचा उजवा डोळा ३, डावा ४. दोन गोष्टी पाळाव्यात. बधिर करणारे थेंब न टाकता केलेलीच चाचणी निदानाच्या गुणांत (ते पुढे येतात) धरतात, म्हणून कागदावर 'थेंबांशिवाय' असं लिहून घ्यावं. आणि पंखा, कूलर बंद करायला सांगावं. आमच्या वेळी डोक्यावर पंखा फिरत होता, तो आम्ही विनंती करून बंद करून घेतला. तपासणीच्या आधी दोनेक तास डोळ्यांत काही घातलेलं नसावं.

त्याच दिवशी रंगाचे थेंब टाकून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो तेही पाहिलं. १० सेकंदांच्या खाली गेलं की कमी समजतात, आईचं ४ भरलं. बुबुळावर रंगाचे बारीक ठिपके उमटले होते. त्यांचेही रीतसर गुण देता येतात, १२पैकी, पण त्यासाठी बुबुळाला फ्लुरेसिन आणि पांढऱ्या भागाला लिसामाइन ग्रीन असे दोन रंग लागतात. दुसरा रंग तिथे नव्हता. फी आणि पट्टी मिळून ६०० रुपये झाले.

इथे एक अडथळा आला, आणि तो योग्यच होता. आई मानदुखीसाठी रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम आणि धुरळ्याच्या शिंकांसाठी सेटिरिझिन घेत होती. दोन्ही गोळ्या लाळ आणि अश्रू कमी करतात. डॉक्टर म्हणाले, "या बंद करून पुन्हा मोजू, नाहीतर पुढे कुणीही म्हणेल की गोळ्यांमुळे आहे." आमच्या घरच्या डॉक्टरांना विचारून दोन्ही थांबवल्या आणि १२ फेब्रुवारीला पुन्हा पट्टी लावली. उजवा ३, डावा ५. गोळ्यांचा मुद्दा निकालात निघाला. म्हणून पहिल्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. लघवीच्या त्रासाच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या याच यादीत येतात. मनाने मात्र कुठलीच बंद करू नका.

१४ फेब्रुवारीला रक्त दिलं. पहिली फेरी साधी होती. हिमोग्रॅम, ईएसआर (अंगात कुठे सूज आहे का याचा अंदाज देणारी तपासणी), साखरेचं तीन महिन्यांचं प्रमाण, थायरॉइड, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, यकृताच्या तपासण्या, लघवी, आणि कावीळ बी, कावीळ सी व एचआयव्ही. शेवटच्या दोन नावांना आई घाबरली. पण हिपॅटायटिस सी आणि एड्स या दोन्हींत तोंड असंच कोरडं पडू शकतं, म्हणून ते आधी वगळावेच लागतात. मानेला पूर्वी किरणोपचार झालेत का, सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार) आहे का, हेही त्याच कारणाने विचारतात. पोटॅशियम कशाला, असं मलाही वाटलं होतं. या आजारात मूत्रपिंडाच्या नलिकांना सूज आली तर शरीरातलं आम्ल बाहेर टाकलं जात नाही, पोटॅशियम घसरतं आणि एखाद्या सकाळी हातपाय उचलत नाहीत. काही रुग्णांत आजार पहिल्यांदा असाच उघडा पडतो. आईचं पोटॅशियम ठीक होतं.

या साध्या रिपोर्टातही दोन खुणा होत्या. ईएसआर ६२, म्हणजे वाढलेला. आणि एकूण प्रोटीन ८.७, त्यातलं अल्ब्युमिन ३.९, म्हणजे उरलेलं ग्लोब्युलिन ४.८. प्रतिपिंडं गरजेपेक्षा जास्त तयार होत असली की हा आकडा वर जातो. रिपोर्टात तो वेगळ्या ठळक अक्षरांत नव्हता. ही वजाबाकी घरीही करता येते, ग्लोब्युलिन साडेतीनच्या बरंच वर असेल तर डॉक्टरांना दाखवा.

याच वेळी आरए फॅक्टर, म्हणजे आमवातात सापडणारं एक प्रतिपिंड, पॉझिटिव्ह आला आणि घरात सगळ्यांनी 'संधिवात' म्हणून शिक्का मारला. तो शिक्का चूक होता. आरए फॅक्टर शोग्रेनमध्येही सर्रास पॉझिटिव्ह असतो. सांध्यांचा आमवात वेगळा ओळखायला अँटी-सीसीपी करतात, ती निगेटिव्ह आली. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, म्हणून ती तपासणी वायफळ नव्हती.

आणि एएनए, म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं बनवतंय का हे पाहणारी तपासणी, निगेटिव्ह. हा रिपोर्ट १७ फेब्रुवारीला हातात पडला आणि दोन आठवडे आम्ही गप्प बसलो. "आता काही नाही, डोळ्यांत थेंब घालत राहा," असं दोघांनी सांगितलं होतं. आईचा चेहरा उतरला. त्रास खरा होता, पण त्याला कागदाचा आधार उरला नव्हता. रिपोर्ट पुन्हा वाचला तेव्हा खाली बारीक अक्षरांत पद्धत दिसली: एलायझा. एएनए दोन पद्धतींनी करतात. एलायझात यंत्र एक आकडा देतं, आणि त्या संचात जी प्रतिपिंडं धरलीच नाहीत ती सुटतात. दुसरी पद्धत आयएफए. त्यात पेशींवर रक्तद्राव टाकून सूक्ष्मदर्शकाखाली चमक पाहतात, आणि रिपोर्टात १:८०, १:१६० असं प्रमाण आणि नमुना लिहून येतो. प्रयोगशाळेत नाव नोंदवतानाच "एएनए आयएफएने करायचा आहे" असं स्पष्ट सांगा. आमचे ६५० रुपये आणि हे दोन आठवडे न विचारल्यामुळे गेले.

६ मार्चला पुण्याच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टांची (सांधे आणि प्रतिकारशक्तीच्या अशा आजारांचे तज्ज्ञ) वेळ मिळाली. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी लवकर सुटते आणि संध्याकाळी पुण्याहून परत निघते, त्यामुळे मुक्काम पडत नाही. प्रवासात आईला डब्यातल्या पंख्याचाच त्रास झाला, कडेचा गॉगल लावल्यावर थांबला. फी १,२०० रुपये. मी फाइलच्या पहिल्या पानावर एकच तक्ता केला होता: तारीख, तपासणी, आकडा. डॉक्टरांनी आधी तेच पान वाचलं. मग बोटांचे सांधे, त्वचा, कानाखालच्या ग्रंथी, मानेतल्या गाठी, छाती, पायांतल्या मुंग्या, सगळं तपासलं आणि निदानाचं गणित आईला कळेल असं मांडलं.

२०१६ साली अमेरिका आणि युरोपातल्या ऱ्हुमॅटॉलॉजी संघटनांनी मिळून ठरवलेले हे निकष आहेत. रक्तात अँटी-एसएसए, म्हणजे रो, प्रतिपिंडं सापडली तर ३ गुण. ओठाच्या बायॉप्सीत ठरावीक प्रकारची सूज सापडली तर ३ गुण. शिर्मर एका तरी डोळ्यात ५ किंवा कमी असेल तर १, डोळ्यांच्या रंगाचे गुण ५ किंवा जास्त असतील तर १, लाळ मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा कमी असेल तर १. बेरीज ४ झाली की आजार धरतात. आईकडे त्या दिवशी १ होता. सगळे किरकोळ गुण मिळवले तरी ३च होतात, म्हणजे रक्त किंवा बायॉप्सी यांपैकी एक लागणारच. हे आधी कळलं असतं तर एका 'निगेटिव्ह' शब्दावर आम्ही थांबलो नसतो.

तिथेच पुन्हा रक्त दिलं, एएनए आयएफएने आणि ईएनए प्रोफाइल (यात रोसारखी एकेक प्रतिपिंडं वेगळी तपासतात), मिळून ५,३०० रुपये. सगळ्यात महाग तपासणी हीच. ईएनए वेगळी मागवावीच लागते, कारण एएनए निगेटिव्ह असूनही रो प्रतिपिंडं असू शकतात. रिपोर्टात एसएसए-रो ६०, रो ५२ आणि एसएसबी-ला अशा वेगळ्या ओळी येतात. नुसता एसएसबी पॉझिटिव्ह असेल तर २०१६च्या निकषांत त्याला गुण नाही. तरुण बाईचा एसएसए पॉझिटिव्ह आला तर लक्षणं नसली तरी तो कागद जपून ठेवावा आणि गरोदरपणात स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत दाखवावा. ती प्रतिपिंडं वारेतून जाऊन बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात, म्हणून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी वेळेवर करावी लागते.

१३ मार्चला मेलवर रिपोर्ट आला. एएनए १:१६०, ठिपक्यांचा नमुना, म्हणजे पॉझिटिव्ह. पण ईएनएच्या सगळ्या ओळी निगेटिव्ह. गुण तिथेच, १. २७ मार्चला फोनवरच्या सल्ल्यात डॉक्टर म्हणाले, आता लाळ मोजा आणि ओठाची बायॉप्सी करा, दोन्ही सोलापुरात होईल.

लाळ मोजायला महागडं यंत्र लागत नाही, म्हणूनच कदाचित कुणी ती मोजत नाही. ४ एप्रिलला आमच्या दंतवैद्यांनी, पुण्याची चिठ्ठी वाचून, पैसे न घेता मोजून दिली. आधी दीड तास खाणं, पिणं, दात घासणं, गोळी चघळणं सगळं बंद. सकाळी दहाला आई खुर्चीत ताठ बसली, एकदा तोंडातलं सगळं गिळलं, मग मान खाली घालून तोंड किंचित उघडं ठेवलं. जमेल तेवढी लाळ आपोआप कपात ओघळू द्यायची. जोर लावून थुंकायचं नाही, ओठ चोखायचे नाहीत, बोलायचं नाही. बरोबर १५ मिनिटं. कपाचं वजन आधी आणि नंतर, सराफाकडे असतो तशा ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. भरली ०.९ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला ०.०६. दुसरा गुण मिळाला. या पंधरा मिनिटांत समोर बसून आंब्याच्या लोणच्याचा विषय काढू नका. साधी सूचना वाटेल, पण आठवणीनेही लाळ सुटते आणि आकडा फसतो.

१२ एप्रिलला बायॉप्सी. तोंडाची शस्त्रक्रिया करणाऱ्या दंतशल्यतज्ज्ञांकडे, दवाखान्यातच, दाखल न होता, ४,५०० रुपये. आदल्या आठवड्यात त्यांनी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का हे विचारलं. संमतिपत्रात ओठाला काही काळ किंवा क्वचित कायमची बधिरता येऊ शकते असं लिहिलेलं असतं, ते वाचूनच सही करावी. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला, मध्यापासून जरा कडेला, बधिर करून साधारण एक सेंटिमीटरचा छेद घेतात. आत ज्वारीच्या दाण्याहून बारीक लाळग्रंथी असतात, त्यातल्या पाच-सहा काढून फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात. पंचवीस मिनिटं लागली. आईने सांगितलं, सुई टोचताना दुखलं तेवढंच. दोन टाके होते, ते १९ तारखेला निघाले. आठवडाभर थंड आणि मऊ खाणं: ताकभात, गार वरण, दूध-केळं. आपल्या जेवणातलं तिखट त्या जखमेला अजिबात चालत नाही. ओठाच्या एका बोटाएवढ्या भागाची बधिरता जायला पाच आठवडे लागले.

या टप्प्यावर जी चूक झाली ती सगळ्यांत जास्त सांगण्यासारखी आहे. बाटलीबरोबर गेलेल्या फॉर्मवर फक्त "लिप बायॉप्सी" लिहिलं होतं. २२ एप्रिलला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: लाळग्रंथींना जुनाट सूज. बस, एवढंच. अशी सूज वयाने किंवा ओठ चावण्यानेही येते, तिला निदानात किंमत नाही. हवा असतो तो फोकस स्कोअर. ५० किंवा जास्त लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींचा, नळ्यांभोवती दाटलेला पुंजका म्हणजे एक फोकस. ४ चौरस मिलिमीटर ग्रंथीत असे किती पुंजके आहेत ते मोजतात. १ किंवा जास्त आले तरच ३ गुण. मोजायलाच सांगितलं नाही तर कुणी मोजत नाही, आणि ग्रंथीचा पुरेसा भाग आला का हेही लिहीत नाही. म्हणून फॉर्म भरताना शेजारी उभं राहून "शोग्रेनची शंका, फोकस स्कोअर आणि ग्रंथीचं क्षेत्रफळ द्यावं" हे वाक्य लिहून घ्या. रुग्ण विडी-सिगारेट ओढत असेल तर तेही लिहायला सांगा, धूम्रपानाने हा आकडा कमी येऊ शकतो.

सुदैवाने पुन्हा ओठ कापावा लागला नाही. काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा प्रयोगशाळा जपून ठेवते आणि मागितल्यावर देते. साध्या कागदावर अर्ज, आधारची प्रत आणि ५०० रुपये अनामत दिल्यावर २९ एप्रिलला दोन पट्ट्या आणि ठोकळा मिळाला. उन्हाळ्यात मेण मऊ होतं, म्हणून ठोकळा कापसात गुंडाळून जेवणाच्या गार डब्यात घालून पुण्याला नेला. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टांनी फेरवाचनाचे १,५०० रुपये घेतले. १० मेचा रिपोर्ट: फोकस स्कोअर २. तीन आणि दोन, पाच गुण. १५ मेच्या भेटीत फाइलवर नाव लिहिलं गेलं. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे मी उगीच कुरकुरत नव्हते." आजार बरा होणारा नाही हे डॉक्टरांनी त्याआधीच सांगितलं होतं, तरी तिला मोकळं वाटलं.

निदानापर्यंत, प्रवास सोडून, साधारण २० हजार लागले. महात्मा फुले योजना दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, ओपीडीतल्या अशा तपासण्या तिच्यात बसत नाहीत. ज्यांना हा खर्च पेलणार नाही त्यांनी सिव्हिलपासून सुरुवात करावी. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय असल्यामुळे नेत्र, मेडिसिन आणि पॅथॉलॉजी एकाच आवारात आहेत. रांग लांब असते, पण शिर्मर, साधं रक्त आणि बायॉप्सी यांचा मोठा भार तिथे हलका होतो. ईएनए बाहेरून करावी लागली तर तेवढ्यासाठीच पैसे बाजूला ठेवावेत.

उपचारांबद्दल थोडक्यात. प्रिझर्वेटिव्ह नसलेले कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोजचे थेंब दिवसातून सहा वेळा. सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. आईचं वजन ५८, म्हणजे मर्यादा २९०, म्हणून २००ची एक गोळी. ही गोळी कोरडेपणा फारसा घालवत नाही आणि वर्षानुवर्षं घेतल्यास दृष्टिपटलाला इजा करू शकते, म्हणून सुरुवातीलाच ओसीटी (दृष्टिपटलाचं स्कॅन) आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घेतली. लाळेसाठी पिलोकार्पिन ५ मिलिग्रॅम. दमा किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर ती चालत नाही. गोळीनंतर अर्ध्या तासात दरदरून घाम येतो, मेमध्ये तो आईला सोसेना, म्हणून डॉक्टरांना विचारून सकाळी आणि रात्री अशी वेळ लावली. औषधाच्या दुकानात ती मागवून घ्यावी लागते, चार दिवस आधी सांगा. लिमलेट बंद, त्याऐवजी झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगम, आणि दर तीन महिन्यांनी दातांवर फ्लोराइडचा लेप.

दर सहा महिन्यांनी हिमोग्रॅम, लघवी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, सी३, सी४ (प्रतिकारशक्तीची प्रथिनं) आणि प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातल्या प्रथिनांचे प्रकार वेगळे करून पाहणारी तपासणी) होतं. या आजारात लिम्फ ग्रंथींच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून तारीख येण्याची वाट न पाहता लगेच दाखवायच्या गोष्टी आईने फाइलच्या आतल्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवल्यात: कानाखालची सूज महिनाभर न उतरणं, मानेत किंवा काखेत गाठ, पायांवर जांभळट पुरळ, कारण नसताना वजन घटणं, रात्रीचा घाम. घामापुढे तिने कंसात 'गोळीचा सोडून' असं लिहिलंय.